चहाच्या आधी

दूध उतू चाललं होतं आणि मला सांडशी हा शब्द आठवेना. "अगं, ते दे ना, ते... पातेलं धरायचं!" एवढं ओरडेपर्यंत गॅसला आंघोळ झाली. त्या हिवाळ्यात सगळं असंच चाललं होतं. अंग जड, पाय गार, दुपारी तीनला डोळे मिटणारे. सासूबाई म्हणायच्या, "हल्ली तू फार आळसावलीस हं." मलाही ते पटलं होतं. मग रक्त तपासलं, टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, भलतंच वाढलेलं निघालं; माझं थायरॉईड कमी पडत होतं. आणि उशाशी गोळ्यांची बाटली आली.

गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे अर्धा-पाऊण तास चहा नाही. स्वयंपाकघरातून आल्याचा वास येत असताना तो वेळ जाता जात नाही, म्हणून मी वाचायला लागले.

मेंदू वजनानं शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीतही सगळ्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के एकटा खातो. (घरोघरी असा एक सदस्य असतोच.) गोळीत असतो टी-फोर, म्हणजे चार आयोडीन-अणूंचं थायरॉईड संप्रेरक. मेंदूला हवा असतो टी-थ्री, तीन अणूंचा. रक्तात तोही तयार मिळतो, पण मेंदूला बाहेरचं फारसं चालत नाही; तो शिधा आणून घरीच रांधतो. त्याच्या तारकापेशी (चेतापेशींची देखभाल करणाऱ्या) टी-फोरमधला एक आयोडीन-अणू काढून टाकतात आणि झालेला टी-थ्री शेजारच्या चेतापेशींना वाढतात. तिथे तो केंद्रकात शिरून जनुकांना कामाला लावतो. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली वीजघरं, किती जोमानं ऊर्जा बनवणार, हे त्यावर बरंचसं ठरतं.

गंमत म्हणजे मोठ्यांच्या मेंदूला थायरॉईडचं काही सोयरसुतक नाही, असं बराच काळ मानलं जाई. 1953 साली अमेरिकी शास्त्रज्ञ लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी थायरॉईड संप्रेरक वाढलेले रुग्ण तपासले. शरीराचा प्राणवायूचा खप वाढलेला, मेंदूचा होता तेवढाच. कमी थायरॉईडची गोष्ट मात्र निराळी निघाली. 2001 सालच्या एका पेट स्कॅन (अवयव किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणारी तपासणी) अभ्यासात अशा रुग्णांच्या मेंदूचा ग्लुकोजचा वापर सुमारे 12 टक्के घटलेला दिसला, आणि तोही सगळीकडे सारखाच. हे मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं, मग आता भाजी निवड."

गोळीचा गुण लगेच येत नाही. टी-फोर रक्तात निम्मा व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून डोस बदलला की पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. तक्रार करायची सोय नाही, कारण पूर्वी गोळीच नव्हती. 1891 साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क कमी थायरॉईडच्या एका बाईला टोचायला सुरुवात केली. काही महिन्यांत ती प्रश्नांना चटकन उत्तरं देऊ लागली, तिची स्मरणशक्ती सुधारली. ती आणखी 28 वर्षं जगली, आणि तेवढ्यात आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या कामी आल्या.