राजहंसगडचा काळा दगड आणि गोकाकचा वाळूचा कडा

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून राजहंसगडाला चढताना, डोंगर कापून रस्ता काढलाय तिथे जरा गाडी बाजूला घ्या. गडावर सगळेच जातात, त्या दरडीकडे कोणी बघत नाही. काळा दगड तिथे कांद्यासारखा सुटतोय: मधे नारळाएवढा घट्ट गोळा, भोवती तांबूस पापुद्रे. मामांनी बोट लावलं आणि एक पापुद्रा अलगद हातात आला. भेगांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात, आणि चौकोनी दगड हळूहळू गोल होतो.

मामांनी येळ्ळूरच्या शिवारात कितीतरी विहिरी काढल्यात. म्हणाले, "मुरूम संपला की काळा पाषाण. त्याला भेग असली तर पाणी, नाहीतर नुसती सुरुंगाची राख." तो पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. जमिनीच्या लांब भेगांतून तो उसळला आणि थरावर थर साचत गेले. त्यामुळे इथे शंकूसारखा ज्वालामुखी शोधू नका. सपाट माथ्याचे डोंगर दिसतील, तीच त्याची खूण. त्याच काळ्या दगडाचा उष्ण, पावसाळी हवेत जांभा झाला. आपल्या जुन्या घरांचे चिरे त्याचेच.

दुपारी गोकाक धबधबा. बेळगावहून साधारण ६० किलोमीटर. कडा बघून मामा म्हणाले, "हाही लाव्हाच की." मलाही आधी तसंच वाटायचं. पण इथे एखादा सुटा तुकडा उचलून बघा: आत काळा नाही, पांढरट-गुलाबी, आणि रव्यासारखे कण. ही वाळू, दाबून घट्ट झालेली. थरांत तिरक्या रेघाही दिसतात, पाण्याने वाळू ढकलत नेल्याच्या. या वाळूच्या खडकाला कलादगी खडक म्हणतात, तो लाव्हापेक्षा कितीतरी जुना. लाव्हा नंतर त्याच्यावर पसरला. सह्याद्रीत उगवलेली घटप्रभा काळ्या पाषाणावरून वाहत येते आणि इथे त्या जुन्या खडकावरून ५२ मीटर खाली कोसळते. एका दिवसात हे दोन्ही हाताने चाचपता येतं, म्हणून दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत करा असं मी आग्रहाने सांगेन.

पाणी बघायचं असेल तर ऑगस्ट. दगड बघायचे असतील तर मात्र दिवाळीनंतर या. आम्ही सप्टेंबरमध्ये गेलो. तांबडं पाणी धो धो होतं, पण खालचे थर तुषारांतच गेले. ओल्या खडकावर चप्पल टिकत नाही, बूटच घाला. काठावर फोटोसाठी जाऊ नका, झुलता पूल बंद असेल तर साखळी ओलांडू नका. बसने आलात तर धबधबा गोकाक शहरापासून ६ किलोमीटरवर आहे, उतरायचं कुठे ते कंडक्टरला आधीच विचारून ठेवा. हातोडा घरी ठेवा, सुटे तुकडे भरपूर पडलेत. भिंग मात्र घ्याच, आणि परतताना गावातून करदंट ही मिठाई.