लोंगेवाला : वाळूने अडवलेले रणगाडे

जैसलमेरहून पहाटे निघालो आणि रामगढ मागे पडल्यावर खेजडीची तुरळक झाडे व वाळूची टेकाडे यांखेरीज नजरेला काही उरले नाही. बालपण नगरला गेल्यामुळे तेथील संग्रहालयात चौथऱ्यांवर ऐटीत उभे असलेले रणगाडे मी अनेकदा पाहिले होते. पण तेथे कधी न पडलेला प्रश्न लोंगेवाला या सीमेजवळच्या लष्करी ठाण्यातील युद्धस्मारकाबाहेर पहिल्या दहा पावलांतच पडला. माझे बूट जेथे घोट्यापर्यंत रुतत होते, तेथे ३६ टनांचा पाकिस्तानी टी-५९ रणगाडा कसा चालला असेल?

तो फारसा चाललाच नाही. भारत-पाक युद्धात ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाड्यांचा ताफा सीमा ओलांडून या ठाण्यावर आला, तेव्हा येथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय लष्कराच्या २३ पंजाब या पलटणीची अवघी एक कंपनी होती. ठाण्याभोवतीची काटेरी तार पाहून पुढे सुरुंग पेरलेले असावेत असे समजून हल्लेखोर थबकले, आणि पक्की वाट सोडून बगल देऊ पाहणारी वाहने मऊ वाळूत फसत गेली. रणगाडा वळतो तो एका बाजूचा, चाकांभोवती फिरणारा पोलादी पट्टा रोखून. घट्ट जमिनीवर हे सहज जमते, मऊ वाळूत मात्र तोच पट्टा खड्डा खणत जातो.

रात्री हल्ला करू न शकणारी, जैसलमेरच्या तळावरची भारतीय हवाई दलाची हंटर लढाऊ विमाने उजाडताच आली. वरून हवाई संरक्षण नसलेले रणगाडे वाळूत सैरावैरा फिरू लागले; पट्ट्यांनी काढलेली ती वेडीवाकडी वर्तुळे विमानातून टिपलेल्या छायाचित्रांत आजही दिसतात. काही रणगाडे जळाले, तर काही त्यांच्या चालकांनी तसेच टाकून दिले.

स्मारकातील रणगाडा नीट रंगवलेला आहे. मला गंज पाहायला अधिक आवडला असता, पण उन्हाने तापलेल्या पोलादाला हात लावताच तो हट्ट विरला. त्याच्या नळीपेक्षा मी पट्ट्याच्या सांध्यांकडेच अधिक वेळ पाहत राहिलो.

परतताना समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देण्यासाठी आमची गाडी डांबराखाली उतरली आणि मागचे चाक जागीच गरगरू लागले. मी ढकलायला सरसावलो, तर चालकाने हात धरून थांबवले. ‘‘हुकूम, जोर नको, आधी हवा काढू,’’ असे म्हणत त्याने चारही चाकांतील हवा निम्म्याने कमी केली आणि गाडी सावकाश वर घेतली.