स्कोअरबोर्डकडे पाठ करून

सामन्याच्या शनिवारी कोलंबियात दुसरं काही घडतच नाही. मिसुरी राज्यात, सेंट लुइस आणि कॅन्सस सिटी यांच्या साधारण मधोमध असलेलं हे विद्यापीठाचं शहर. सकाळपासून मैदानाबाहेरच्या पार्किंगमध्ये तंबू लागतात, शेगड्या पेटतात, काळे-सोनेरी शर्ट घालून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे हजर. देव वगळला तर आपली जत्राच. आणि हे सगळं कशासाठी, तर कॉलेजातल्या पोरांचा अमेरिकन फुटबॉल बघायला! आंतरविद्यापीठ सामन्याला राखीव खेळाडू आणि दोन सर एवढेच प्रेक्षक बघितलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला.

मी इथे फोटोजर्नालिझम शिकतेय. १९०८ साली ही पत्रकारिता शाळा सुरू झाली, आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी चालवलेलं ‘मिसुरियन’ हे वृत्तपत्रही. संपादक मुरलेले, बातमीदार आणि छायाचित्रकार विद्यार्थी. नगरपालिकेची बैठक, आग, निवडणूक, सगळं वाट्याला येतं. पण घरी फोनवर सांगायला खेळ सोपा पडतो, म्हणून नातेवाइकांचा समज झालाय की मी फुकटात मॅच बघते.

खरं तर मॅच दिसतच नाही. चारशे मिलिमीटरची लांबलचक लेन्स मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी स्टँडवर टेकवून, साइडलाइनबाहेर गुडघ्यावर बसून, एका डोळ्याने जगाचा इवलासा तुकडा दिसतो. स्कोअर किती झाला ते गर्दीच्या ओरडण्यावरून कळतं. सुरुवातीला सगळे चेंडूमागे धावतात. नंतर कळतं की चेंडू हातात असलेल्याचा चेहरा बहुतेक वेळा हेल्मेटच्या जाळीत हरवलेला असतो, आणि गोष्ट घडते ती बाकावर. राखीव खेळाडू टॉवेल चावत बसलेला असतो, प्रशिक्षकाने टोपी आपटलेली असते. ते टिपायचं तर खेळाकडे पाठ करायचं धाडस लागतं, कारण नेमकं तेव्हाच मागे काहीतरी अफलातून होणार ही भीती असतेच.

मध्यंतरात पहिले फोटो गेले पाहिजेत. जर्सीचा नंबर टाइप केला की खेळाडूचं पूर्ण नाव उमटेल अशी सोय आम्ही सॉफ्टवेअरमध्ये आदल्या रात्रीच करून ठेवतो. तरी खरी गंमत पुढेच आहे. कॉलेज फुटबॉलमध्ये एकाच संघातल्या दोघांना एकच नंबर चालतो, फक्त ते दोघं एका वेळी मैदानात नकोत. म्हणजे चढाई होती की बचाव, हे आठवल्याशिवाय सातव्या नंबरचं नाव लिहिता येत नाही. आमच्याकडे फोटो जरा धूसर आला तर चालतं, नाव चुकलं तर नाही.

आमच्या शेजारी गुडघे टेकून बसलेल्यांत विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे स्वतःचे छायाचित्रकारही असतात. कामात आमच्यापेक्षा सरस, शिवाय त्यांना ड्रेसिंग रूममध्येही जाता येतं. पण खेळाडू जखमी होऊन पडला की ते कॅमेरा खाली घेतात, आम्ही नाही. आधी टिपायचं, छापायचं की नाही ते नंतर संपादकांबरोबर ठरवायचं. रिकाम्या खुर्च्या, हरल्यावरची सुन्न रांग हे त्यांच्या इन्स्टाग्रामवर कधी दिसणार नाही, दिसावं अशी अपेक्षाही नाही. ती प्रसिद्धी आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि छबी वापरून पैसे मिळवता येतात, तेव्हापासून या प्रसिद्धीला बाजारभावही आहे. ‘माझा तो फोटो पाठव ना’ असा मेसेज सामन्यानंतर लगेच येतो. नाही म्हणताना वाईट वाटतं, मुलं गोड असतात.

खेळ म्हणजे हलकी बातमी, असं ज्यांना वाटतं त्यांना मी इथलंच २०१५ चं उदाहरण देते. कॅम्पसवरच्या वंशभेदाविरुद्ध आंदोलन चालू होतं, एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता. नोव्हेंबरात फुटबॉल संघातल्या तीसेक कृष्णवर्णीय खेळाडूंनी जाहीर केलं की विद्यापीठाचे अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. दोनच दिवसांत राजीनामा आला. त्याच दिवशी आंदोलकांनी आपल्या तंबूंभोवती कडं करून पत्रकारांना अडवलं, आणि एका क्रीडा वाहिनीसाठी काम करणारा इथलाच एक विद्यार्थी छायाचित्रकार त्या कड्यासमोर अडून राहिला. लोक त्याला मागे रेटत होते. तो सांगत होता की तुम्हाला इथे उभं राहायचा हक्क देणारी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनादुरुस्तीच मलाही तो हक्क देते. तो व्हिडिओ तेव्हा देशभर फिरला. मला विचाराल तर तो बरोबर होता. पण कॅमेऱ्यावर त्या मुलांचा विश्वास का नव्हता, हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

बाहेरगावच्या सामन्यांना चौघं एका गाडीत कोंबून जातो. आर्कान्सामधलं फेएटव्हिल पाचेक तासांवर, कॅन्ससमधलं लॉरेन्स अडीच. परतताना एक चालवतो, बाकीचे मागे कॅप्शन लिहितात. लॉरेन्समध्ये बास्केटबॉलचे मूळ तेरा नियम काचेमागे ठेवलेत, १८९१ साली टाइप केलेले दोन कागद. ते लिहिणारे जेम्स नायस्मिथ पुढे तिथेच प्रशिक्षक झाले. गंमत म्हणजे कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाच्या आजवरच्या प्रशिक्षकांत जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेले ते एकटेच!

मला मात्र सगळ्यात आवडतं ते क्रॉस-कंट्री. शहराच्या कडेला गॅन्स क्रीक नावाचा खास या शर्यतींसाठी बांधलेला मार्ग आहे. मुली सहा किलोमीटर धावतात, गवतातून, चढावरून, आणि शेवटची रेघ ओलांडली की कोसळतात. कुणी ओकतं, कुणी प्रतिस्पर्ध्याच्याच गळ्यात पडून रडतं. ना हेल्मेट, ना कुंपण. हातभर अंतरावर एक थकलेला माणूस, आणि तुम्ही. इथे लेन्सपेक्षा आपण किती जवळ जायचं हाच प्रश्न मोठा असतो. मी शटर दाबते, मग खाली बसून नाव विचारते. एकीने नाव सांगितलं आणि वर विचारलं, ‘माझा नंबर कितवा आला?’ मला माहीत नव्हतं. दोघी मिळून बोर्ड शोधायला गेलो.

घरून नेहमीचा प्रश्न येतो, यात नोकरी आहे का? शिकागो सन-टाइम्सने २०१३ मध्ये आपला अख्खा छायाचित्र विभाग बंद केला होता, तेव्हा खोटा धीर देत नाही. शिक्षणानंतर या विद्यार्थी व्हिसावर कामाचे बारा महिने मिळतात. अभियांत्रिकीवाल्यांना मिळणारी पुढची दोन वर्षं आम्हाला नाहीत. म्हणून सध्या छोट्या शहरांतल्या दैनिकांना अर्ज पाठवतेय, जिथे शाळेतली कुस्तीही टिपावी लागते आणि पूरही. पोर्टफोलिओत फुटबॉल मागे ढकललाय आणि पहिला फोटो लावलाय तो गॅन्स क्रीकच्या त्या मुलीचा. बाबांचं म्हणणं, उलटं कर, आधी मोठं स्टेडियम दिसू दे.