आमची वाटचाल: तीन कारखाने, एक माप

आम्ही शाफ्ट (फिरणारे दांडे) आणि बेअरिंग हाउसिंग (बेअरिंग बसवायची घरं) बनवतो. ओतकाम एका देशात, मशीनिंग दुसऱ्या देशात, जुळणी तिसऱ्या. पसारा लहान, पण भाषा, घड्याळं आणि कामाच्या सवयी तीन तऱ्हांच्या. सगळ्यांची गट्टी जमावी म्हणून स्नेहमेळावे आम्हीही घेतो आणि त्यातला आनंद खरा असतो. तरीही दोन कारखान्यांचं बिनसतं ते बहुतेक वेळा रिजेक्ट झालेल्या एखाद्या भागावरून. तेव्हा मैत्रीचं कामही त्या भागापासूनच सुरू करावं लागतं, हे आमचं ठाम मत आहे.

१०० मिलिमीटरचा एच७ बोअर घ्या; बोअर म्हणजे गोल भोक आणि एच७ हे त्याच्या मापातल्या सुटीचं मानक चिन्ह. त्याला शून्य ते अधिक ३५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढीच सूट असते. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे मशीनवरून नुकताच उतरलेला, ३२ अंशांवरचा भाग या बोअरला सुमारे १४ मायक्रॉन मोठा दिसतो. २० अंशांना शून्य केलेल्या गेजवर (मापाच्या उपकरणावर) अधिक ८ दाखवणारा बोअर थंड झाल्यावर उणे ६ भरतो. पाठवणाऱ्याने ‘पास’ लिहिलेलं असतं, घेणारा ‘रिजेक्ट’ लिहितो, आणि दोघांनीही प्रामाणिकपणे मोजलेलं असतं. इथूनच ‘तिकडचे लोक डोळे झाकून पाठवतात’ हे वाक्य जन्माला येतं. उपाय साधा आहे. सेटिंग रिंग, म्हणजे नेमक्या मापाची कडी, त्याच धातूची घ्यायची, ती मशीनजवळ भागाच्याच तापमानाला ठेवायची आणि गेज तिच्यावर शून्य करून मग मोजायचं. अंतिम तपासणीचे भाग रात्रभर मापनकक्षात ठेवायचे.

यापुढचं पाऊल म्हणजे तिन्ही कारखान्यांत फिरणारी एकच पेटी. त्यात १० भाग असतात: काही मधल्या मापाचे, काही सीमेवरचे, एकदोन मुद्दाम सीमेबाहेरचे. प्रत्येक कारखान्यात ३ तपासनीस प्रत्येक भाग ३ वेळा मोजतात, म्हणजे ९० नोंदी. दर फेरीला क्रम बदलायचा आणि आधीची नोंद मोजणाऱ्याला दाखवायची नाही. मापनातला फरक टॉलरन्सच्या, म्हणजे मापातल्या सुटीच्या, १० टक्क्यांच्या आत असला तर पद्धत चांगली, ३० टक्क्यांपर्यंत कामाचं स्वरूप पाहून चालवायची, फरक त्यापुढे गेला तर आधी मापन दुरुस्त करायचं. पेटी जहाजाने जाते, त्यामुळे भाग गंजरोधक कागदात गुंडाळावे लागतात, सोबत सिलिका जेल आणि हातमोजे लागतात. उघड्या हाताचा घाम लागून बोअरच्या कडेला गंज धरला की सगळी फेरी वाया.

तिन्ही कारखान्यांचे आकडे एकाच तक्त्यावर आले की तपासनीस आपणहून बोलायला लागतात. “बोअरच्या तोंडापासून किती आत मोजता?” हा पहिला प्रश्न हमखास येतो. एक जण ५ मिलिमीटरवर मोजत असतो, दुसरा मध्यावर, आणि बोअर किंचित निमुळता असतो. मग एकजण फोटो पाठवतो, दुसरा प्रोबची (गेजच्या टोकाची) जागा खडूने खूण करून दाखवतो. इथे माणसं एकमेकांना कारागीर म्हणून ओळखू लागतात. या गप्पांत साहेबांनी पडू नये.

ड्रॉइंगवरही असंच घडतं. भागाच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन रीती आहेत: अमेरिकी पद्धतीत थर्ड अँगल, युरोपात बहुधा फर्स्ट अँगल. कोपऱ्यातलं शंकूचं चिन्ह न पाहता काम केलं की भाग आरशातल्यासारखा उलटा होतो. त्याहून फसवी गोष्ट आकाराच्या नियमाची. एएसएमई वाय१४.५ या अमेरिकी मानकाप्रमाणे शाफ्टच्या व्यासाची कमाल मर्यादा त्याच्या सरळपणालाही बांधते. आयएसओ ८०१५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वेगळं लिहिलं नसेल तर बांधत नाही. त्यामुळे किंचित वाकलेला लांब शाफ्ट एका कारखान्यात चालतो, दुसऱ्यात नाही. कोणतं मानक लागू, हे आता प्रत्येक ड्रॉइंगवर छापलेलं असतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहायची, आणि दशांशाला स्वल्पविराम की टिंब हेही ठरलेलं.

रोजची बैठक १५ मिनिटांची. गैरसोयीची वेळ दर महिन्याला पुढच्या कारखान्याकडे सरकते. एकाच कारखान्याने कायम रात्री जागायचं हे आम्हाला मान्य नाही. युरोप आणि अमेरिका उन्हाळी वेळ वेगवेगळ्या रविवारी बदलतात, म्हणून मार्चमध्ये दोनतीन आठवडे आणि पुन्हा शरदात आठवडाभर बैठकीची वेळ घसरते. वेळापत्रक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवलं की गोंधळ टळतो. विषय आदल्या दिवशी लेखी जातात, कारण परक्या भाषेत तिथल्या तिथे बोलायला अनेकांना अवघड जातं. शेवटी प्रत्येकाने आपलं काम आपल्या शब्दांत परत सांगायचं. नुसत्या मानेच्या होकारावर काम पुढे गेलं असं धरायचं नाही.

तक्रार आली तर अहवालाआधी फोन, तोही सुपरवायझरचा सुपरवायझरला. संशयित माल २४ तासांत बाजूला काढायचा, कारण नंतर शोधायचं. अहवालात माणसाचं नाव नाही. मशीन, टूल, बॅच एवढंच. आणि रिवर्कचा, म्हणजे भाग पुन्हा दुरुस्त करण्याचा, खर्च एका कारखान्याने दुसऱ्याच्या नावावर टाकायचा नाही. आपसातल्या डेबिट नोटेइतकं नातं दुसरं काही नासवत नाही, कारण तिच्या भीतीने लोक दोष लपवतात. बोनस अंतिम जुळणीत पहिल्याच फटक्यात पास झालेल्या नगांवर, तिन्ही कारखान्यांना सारखा.

अदलाबदलीला आम्ही मॅनेजरऐवजी सेटर (मशीन लावणारे) आणि फिटर (जुळणी करणारे) पाठवतो, निदान दोन आठवड्यांसाठी, तिथल्या एका जोडीदाराच्या शिफ्टमध्ये. अनेक देशांत बिझनेस व्हिसावर मशीनला हात लावता येत नाही, त्यामुळे परवान्याची चौकशी आधी करावी लागते. पहिला दिवस सुरक्षेचा: वीज तोडून स्वतःचं कुलूप लावणं, आपत्कालीन वाटा, इशाऱ्यांच्या रंगांचे अर्थ. पाहुण्याच्या हाती तपासणीची यादी द्यायची नाही, नाहीतर सगळे त्याला ऑडिटर समजून गप्प बसतात.

नवा कारखाना जोडताना क्रमही हाच असतो: आधी पेटी, मग ड्रॉइंग, मग बैठक. माणसांची अदलाबदल पेटीच्या दोन फेऱ्या जुळल्यावरच.