प्लिकर्सची नोंद: कार्डं तयार झाली, आता खरं काम प्रश्नांचं

धारूर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर रेंज वर्गाच्या दारापर्यंत येते, आत मुश्किलीनं. त्यामुळे मुलांच्या हातात टॅब लागणारी साधनं बाजूला ठेवली आणि या वर्षी शाळेबाहेरचा सगळा वेळ प्लिकर्स या प्रश्नोत्तरांच्या ॲपला दिला. तंत्रस्नेही शिक्षक मंडळींपैकी ज्यांनी ते वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड, त्यावर काळी चौकोनी नक्षी, प्रत्येकाची वेगळी, आणि मुलाच्या नावाला जोडलेला क्रमांक. चार बाजू म्हणजे चार पर्याय, जी बाजू वर धरली ते त्या मुलाचं उत्तर. आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी समोर येतं. फोन आणि डेटा लागतो तो फक्त आपल्याला. ४० कार्डांचा संच त्यांच्या साइटवरून फुकट उतरवता येतो आणि प्रश्न मराठीत टाइप करता येतात.

नुसत्या कागदावरची प्रिंट हातात वाकते, आणि नक्षी वाकली की कॅमेरा अडखळतो. म्हणून लग्नपत्रिका गोळा केल्या. लग्नसराई उरकली की घरोघरी त्यांचा गठ्ठा पडलेला असतो. खळीनं चिकटवून रात्रभर पुस्तकांच्या ओझ्याखाली ठेवल्या की कार्ड ताठ राहतं. लॅमिनेशन करायचंच असेल तर मॅट करा, चकचकीत नको. त्यावर उजेड चमकला की नक्षी वाचली जात नाही. खिडकीही मुलांच्या पाठीमागे नसावी. कार्डाच्या मागच्या बाजूला मी बारीक पेनानं अ, ब, क, ड लिहिलंय, म्हणजे हात वर असतानाच मुलाला आपलं उत्तर तपासता येतं. लिहिताना डावं-उजवं उलटं होतं हे ध्यानात ठेवा. आणि अक्षर बारीकच हवं, नाहीतर मागच्या रांगेला फुकटात उत्तर मिळतं.

हे झालं हातकाम. माझा जीव रमलाय तो प्रश्न रचण्यात.

पाचवीला अपूर्णांक चालू होते. पहिला प्रश्न: १/३ आणि १/५ यांत मोठा कोणता? दुसरा: २/७ आणि ५/७ यांत? दुसऱ्याला जवळजवळ सगळा वर्ग बरोबर, पहिल्याला निम्म्याहून जास्त चूक. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कळतं, मुलं अपूर्णांक वाचतच नाहीत, मोठा आकडा शोधतात. ५/७ ला ती युक्ती चालून जाते. वहीत नुसता दुसरा प्रश्न दिला असता तर सगळ्यांना समजलं असंच वाटलं असतं. एका मुलीला विचारलं तर म्हणाली, ‘‘सर, पाच मोठा हाय की तीनापेक्षा!’’ मग सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्या. एकीचे तीन भाग, दुसरीचे पाच. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावर वर्गात एकच गलका.

पण इथं थांबायचं नाही. आता मुलं उलटा नियम पाठ करतात: छेद लहान तो अपूर्णांक मोठा. म्हणून तिसरा प्रश्न: १/३ आणि ३/५ यांत मोठा कोणता? पाठ केलेला नियम इथं उघडा पडतो. त्याच मुलीनं कार्ड बरोबर धरलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, ‘‘तुकडे बारके हायत, पण तीन हायत ना!’’ सगळा खटाटोप मी याच वाक्यासाठी करतो. या तीन प्रश्नांची साखळी मी आता मोडत नाही. प्लिकर्सच्या मोफत खात्यात एका प्रश्नसंचाला पाचच प्रश्न मिळतात, आणि मला वाटतं एका तासाला तेवढे पुरतात.

एक गोष्ट आपल्या भागासाठी फार मोलाची. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला आईबापांसोबत काही मुलं कारखान्यावर जातात. त्यांचे कार्ड क्रमांक मी दुसऱ्या कोणाला देत नाही. मूल परत आलं की त्याची जुनी उत्तरं उघडायची आणि जिथं सुटलं होतं तिथूनच धरायचं. ‘राहिलेलं सगळं लिहून काढ’ म्हणायची वेळ येत नाही, आणि मूलही बुजत नाही.

जिओजेब्रा या गणिताच्या आकृत्यांच्या ॲपचं काम मागं पडलंय. ॲप नेटशिवाय चालतं, लोकवर्गणीतून मिळालेल्या टीव्हीवर छेद बदलला की पट्टी कशी बदलते ते दाखवायला छान आहे, पण हातातल्या पट्टीनंतरच. आधी टीव्ही दाखवला तर मुलं नुसती बघत बसतात.

आता दशांश अपूर्णांकांचा संच जुळवतोय. ०.५ आणि ०.३५ ची जोडी घेतली आहे, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे म्हणून ०.३५ मोठा म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. पण नुसते अंक मोजून ‘जितके कमी अंक तितकी संख्या मोठी’ असं धरणारंही एखादं असतंच, आणि त्याचं उत्तर या जोडीत बरोबर येऊन जातं. त्याला पकडायला ०.४ आणि ०.६२ ठेवलीय. शून्य मधे आलेली, ०.५ आणि ०.०५ सारखी जोडी कुणी वर्गात वापरून पाहिली असेल तर मुलांनी काय काय उत्तरं दिली ते पर्यायांसकट कळवा. चुकीचे पर्याय मला मुलांच्या तोंडचेच हवेत.