प्रश्नानंतरचे तीन सेकंद

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. यंदाच्या कार्यशाळेतील एकच मुद्दा मला खरा मोलाचा वाटला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यास मुलांची उत्तरे अधिक सविस्तर होतात, हे अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रोव यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले होते. बीड जिल्ह्यात आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाऊन काही महिन्यांनी वर्गात परतणाऱ्या मुलांना हा अवधी विशेष हवा, कारण सर्वांत आधी हात वर करणाऱ्यालाच संधी मिळत गेली तर ती गप्पच राहतात. बहुवर्ग अध्यापनाचे, म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवण्याचे, सत्र मात्र घाईत उरकले. द्विशिक्षकी शाळांतील आम्हा मंडळींना खरे तर तेच हवे होते.