फ्लाइटचा डबा भरायला मी कशी शिकले

पायलट म्हटलं की लोकांना वाटतं रोज फाइव्ह स्टारमध्ये जेवण. हॉटेल चांगलं असतं हे खरं, पण रूमवर पोचेपर्यंत रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात, किचन बंद, रूम सर्व्हिसला क्लब सँडविच आणि फ्राइज, आणि सकाळी लवकर परत पिकअप. मी एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक आहे, बेस मुंबई. ट्रेनिंग संपून लाइनवर, म्हणजे रोजच्या प्रवासी फ्लाइटवर, आल्यावर सुरुवातीची काही वर्षं क्रू मीलवरच गेली, म्हणजे विमानात आम्हाला मिळणाऱ्या जेवणावर. ते काही अगदी वाईट नसतं पण आठवडाभर तेच पनीर, तोच पुलाव, तोच बन. शिवाय मीठ भरपूर, कारण वर कोरड्या हवेत आणि आवाजात जिभेला चवच कमी लागते.

आमचं दर वर्षी क्लास वन मेडिकल असतं, वजन, शुगर, लिपिड, ईसीजी सगळं बघतात, त्यात काही अडकलं तर लायसन्स असून घरी बसायचं. माझी ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) दर वर्षी थोडी थोडी वर सरकत होती. डॉक्टर म्हणाले, मॅडम, घरची पोळीभाजी न्या की.

सांगायला सोप्पं आहे. चार सेक्टरच्या, म्हणजे चार उड्डाणांच्या दिवशी जमिनीवर जेवायला वेळच नसतो, टर्नअराउंडमध्ये, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात, फ्युएल, लोडशीट (विमानातल्या वजनाचा हिशेब), पुढच्या फ्लाइटचं सेटअप, बाहेरून विमानाला चक्कर, यातच सगळं संपतं. दहा हजार फुटांखाली खाणं बंद, तिथे फक्त कामाचं बोलायचं. म्हणजे मुंबई-गोवा असेल तर विसरा, मुंबई-दिल्ली असेल तर मधे जरा निवांत वेळ मिळतो, तोही एकाने खायचं आणि दुसऱ्याने विमान सांभाळायचं. 'यू हॅव कंट्रोल' म्हणायचं आणि डबा उघडायचा. एअरबसवाले नशीबवान, आम्हाला समोर स्टिअरिंगसारखा योक नाही, साइडस्टिक बाजूला असते, त्यामुळे पुढ्यात ओढायचं छोटं टेबल आहे. बोइंग ७३७ वरचे मित्र अजून मांडीवर ट्रे घेऊन जेवतात.

आणि मधला पेडेस्टल, म्हणजे दोन सीटच्या मधला लिव्हर आणि बटणांचा कट्टा, ही पवित्र जागा, तिथे पातळ काही ठेवायचं नाही म्हणजे नाही. २०१९-२० मध्ये ए३५० वर दोनदा पेडेस्टलवर पेय सांडलं आणि नंतर एक इंजिन बंद पडलं, तेव्हापासून सगळीकडे याची फार काळजी घेतात. आपल्याकडे २०२३ च्या होळीला दिल्ली-गुवाहाटी फ्लाइटच्या कॉकपिटमधला उघडा कॉफी कप आणि गुजियाचा फोटो व्हायरल झाला होता, त्या पायलटना फ्लाइंगवरून उतरवलं. तर रस्सा बाद, आमटी बाद, कढी तर विचारूच नका. डब्यात काय न्यायचं हे आधी या नियमाने ठरतं, कॅलरी वगैरे नंतर.

मी आधी नेटवर सगळे करतात तेच केलं, सॅलड, ओट्स, प्रोटीन बार. सॅलड चार तासांत मरगळतं आणि काट्याने खाताना काकडी उडून रडर पेडलपाशी गेली की शोधत बसा. बार खाऊन पोट भरत नाही, आणि लेबल वाचलं तर चिक्कीच बरी असं वाटतं. मग आईला फोन केला, ती हसली आणि म्हणाली, अगं पूर्वी लोक दोन दोन दिवस एसटीने, बैलगाडीने जायचे ते काय उपाशी जायचे का, तू दशम्या घेऊन जा. दशमी म्हणजे दुधात कणीक भिजवून केलेली पोळी, पाण्याचा थेंब नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि लवकर खराब होत नाही. मी ज्वारी आणि कणीक अर्धी अर्धी घेते. आत शेंगदाण्याची चटणी आणि थोडं तूप लावून घट्ट गुंडाळी करायची, बटर पेपरमध्ये पिळ घालून बंद करायची, वरून सोलत सोलत एका हाताने खायची. कण सांडत नाहीत, वास नाही, गरम करायची गरज नाही. गरम करायचं म्हटलं तरी कुठे, काही विमानांच्या गॅलीत ओव्हनच नसतो, फक्त गरम पाणी.

त्या गरम पाण्यावर मात्र माझा दुसरा डबा चालतो, उपम्याचा. रवा तुपात खमंग भाजून त्यात मोहरी, कढीपत्ता, उडीद डाळ, काजू यांची कोरडी फोडणी, मीठ, वाळवलेली मिरची, सगळं मिसळून पुडी करून ठेवते. वर केबिन आठ हजार फुटांच्या हवेइतकी असू शकते आणि तिथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यातून गॅलीतलं पाणी उकळतंही नसतं, त्यामुळे विकतच्या इन्स्टंट उपम्याच्या पाकिटावर लिहिलेली तीन मिनिटं खोटी पडतात. पुडीत गरम पाणी घालून आठ-दहा मिनिटं झाकून ठेवायचं, तोवर आपले कंट्रोल्स आपल्याकडे.

त्याच आठ हजार फुटांचा दुसरा त्रास पोटातला. वर गेल्यावर पोटातला वायू जवळजवळ एक तृतीयांशाने फुगतो. वाल, चवळी, कोबी, सोडा हे ड्युटीच्या आदल्या रात्रीपासून बंद, मुगाची उसळ चालते. कॅप्टनही त्याच छोट्या खोलीत बसलेला असतो, एवढं सांगते.

दोघांनी वेगवेगळं जेवायचं हा नियम माहीत असेलच, एकाच्या जेवणातून विषबाधा झाली तर दुसरा शाबूत हवा. म्हणून माझी दशमी कितीही आवडली तरी ड्युटीवर ती सरांना देत नाही, चटणी उतरल्यावर देते. आणि घरचा डबा म्हणजे सुरक्षित असंही नाही. शिजवलेला भात बाहेर दोन तासांवर ठेवला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढायला लागतो, म्हणून दहीभात, पुलाव डब्यात नाहीच. हॉल्टला, म्हणजे बाहेरगावी रात्रीच्या मुक्कामाला, न्यायची उसळ झिपच्या पिशवीत चपटी करून दगडासारखी गोठवते आणि इन्सुलेटेड बॅगेत दशम्यांपासून लांब ठेवते, तोच बर्फ आणि तेच रात्रीचं जेवण. पिकअपपासून हॉटेलपर्यंत ती थंडगार राहिली तरच खायची, नाहीतर सरळ फेकायची.

सगळ्यात अवघड रात्र. पहाटे दोन ते सहा शरीराचा झोपेचा वेळ, तेव्हा भूक लागत नाही, तोंड मात्र चालू हवं असतं, आणि नेमकी तेव्हाच क्रूकडून चॉकलेट येतात. आता मी रिपोर्टिंगच्या आधी घरी नीट जेवते, मध्यरात्रीनंतर फक्त मूठभर चणे-दाणे किंवा उकडलेलं अंडं (अंडं घरीच सोलून, वास कमी येतो), आणि उतरल्यावर थोडंसं खाऊन झोपते. आईची अंगारकी मी ड्युटीच्या दिवशी धरत नाही. साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन तासांनी जे डोळे मिटतात ते अप्रोचच्या, म्हणजे विमान उतरवायच्या वेळी नको.

पाण्याचं कोणी बोलत नाही. केबिनची हवा वाळवंटासारखी, पण एक पायलट बाथरूमला गेला की क्रूपैकी कोणीतरी आत येऊन उभं राहायला लागतं, ट्रॉली मधे असेल तर त्यांची पळापळ, म्हणून बरेच जण पाणीच कमी पितात आणि मग मुतखडा. मी निर्लज्जपणे पिते.

परदेशाच्या फ्लाइटला वेगळी गंमत. दुबईला खसखस चालत नाही, कायद्याने बंदी आहे, म्हणजे अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या बॅगेत नकोत. भारतातही ३१ जानेवारी २०२२ पासून आमच्या रँडम ड्रग टेस्ट होतात, त्यात ओपिएट्स (अफूच्या जातीची द्रव्यं) बघतात, आणि खसखस भरपूर खाल्ली तर लघवीत मॉर्फिन दिसू शकतं, त्यामुळे मी घरीही खात नाही. ब्रेथ अ‍ॅनालायझरमुळे द्राक्षासव, दशमूलारिष्ट हेही कपाटातून गेलं, त्यात मुळातच अल्कोहोल असतं. दिवाळीत आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी अनारसे तीळ लावून केले. भाऊ म्हणतो हे अनारसे नाहीतच, तरी चार खाल्ले त्याने.